डीप पर्पल : पाटी तीच, वादक नवे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप दरवर्षीप्रमाणे यंदाही आला आणि निरोपाबरोबर विषयही आला : ‘बालकांचे लसीकरण – समज आणि गैरसमज’. या विषयावर मी यापूर्वी तीनदा लिहिले आहे. समज तेच आहेत, गैरसमजही तेच आहेत. म्हणून या वेळी संपादकांकडे रजा मागितली आणि जवळजवळ चाळीस वर्षे जपलेल्या एका छंदाविषयी लिहिण्याची परवानगी मिळवली. हा छंद म्हणजे ‘डीप पर्पल’ नावाचा इंग्लंडमधील हार्ड रॉक बँड. ‘बँड’ म्हटले की आपल्याकडे वरातीपुढचा लाल डगल्यांचा ताफा डोळ्यांपुढे येतो, याची मला जाणीव आहे. बालरोगतज्ज्ञाने या वयात असे विषय काढावेत काय, अशी शंका काही ज्येष्ठांच्या मनात येईल, याचीही आहे. तरी वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

विषय निवडण्यास कारणही तसेच घडले. गेल्या वर्षी माझ्या दवाखान्यात एक तरुण एम. डी. सहकारी रुजू झाला. ज्ञानाने ताजा, हाताने हलका, बोलण्यात मोजका. पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या बाकावरून एका आजीबाईंचा आवाज ऐकू आला, “मोठे डॉक्टर नाहीत का? मग आम्ही थांबतो.” मी आतच होतो. खरे सांगायचे तर ते वाक्य ऐकून मला आधी बरे वाटले आणि बरे वाटल्याची लाज नंतर वाटली. त्या रात्री घरी गेल्यावर मी डीप पर्पलचा १९७५ सालचा ‘कम टेस्ट द बँड’ हा अल्बम लावला. हाच अल्बम का, ते पुढे येईलच.

वसतिगृहातील एक वाद

इंदूरच्या आमच्या घरात गाणे म्हणजे आकाशवाणीवरचे शास्त्रीय गायन आणि गणेशोत्सवातील भावगीते. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे नाव घेताना वडील कानाला हात लावीत. अशा घरातून मी १९८७ साली वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेलो. खोलीमित्राजवळ एक कॅसेट होती. कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवरून पुन्हा उतरवलेली ती प्रत, त्यामुळे संगीताइतकीच खरखर. ती होती ‘मेड इन जपान’. त्यातील ‘चाइल्ड इन टाइम’ हे बारा मिनिटांचे गीत मी प्रथम ऐकले तेव्हा विलंबित लयीत उभी राहणारी, हळूहळू चढत जाऊन तारसप्तकात फुटणारी ती बांधणी मला अजिबात परकी वाटली नाही.

मात्र त्या मित्राचे एक ठाम मत होते. डीप पर्पल म्हणजे त्या कॅसेटवरचे पाच जण : गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बास गिटारवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रम्सवर इयन पेस. १९७३ साली हे पाच जण फुटले आणि बँड संपला; पुढे उरली ती नुसती पाटी. हा मित्र आज नामवंत बधिरीकरणतज्ज्ञ आहे आणि माणसांना झोपवण्याचे काम करीत असला तरी या विषयावर अजूनही जागा असतो. त्या वेळी मला त्याला उत्तर देता आले नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.

फिरता मंच

१९६७ साली इंग्लंडमध्ये या बँडची जी मूळ कल्पना निघाली तिचे नाव होते ‘राउंडअबाउट’, म्हणजे फिरता पाळणा. ‘द सर्चर्स’ या गाजलेल्या बँडचा ड्रमवादक ख्रिस कर्टिस याच्या डोक्यातून ती निघाली. वादकांनी पाळण्यावर चढावे, आपली फेरी पुरी करावी आणि उतरावे, अशी ती योजना. पाळण्यावरून सर्वांत आधी उतरला तो स्वतः कर्टिस! मागे राहिले त्याने बोलावलेले दोघे : पियानोचे रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण घेतलेला जॉन लॉर्ड आणि हॅम्बुर्गहून आलेला रिची ब्लॅकमोर. त्यांना एकोणीस वर्षांचा इयन पेस, गायक रॉड इव्हान्स आणि बासवादक निक सिम्पर येऊन मिळाले. ब्लॅकमोरच्या आजीला आवडणाऱ्या एका जुन्या गीताच्या नावावरून बँडचे बारसे झाले.

या पहिल्या पाच जणांनी १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांत तीन अल्बम काढले : ‘शेड्स ऑफ डीप पर्पल’, ‘द बुक ऑफ टॅलिएसिन’ आणि नुसताच ‘डीप पर्पल’. जो साउथ याचे ‘हश’ हे गीत त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवले आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मायदेशात मात्र त्यांना फारसे कोणी विचारीत नव्हते. आपली स्वतःची वाट सापडलेली नाही, हे लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेस यांच्या लक्षात आले. १९६९ च्या उन्हाळ्यात ‘एपिसोड सिक्स’ या बँडमधून गिलन आणि ग्लोव्हर यांना आणण्यात आले. काही आठवडे असा प्रकार चालला होता की, रंगमंचावर जुने पाच जण वाजवीत होते आणि तालमीच्या खोलीत नवे. इव्हान्स आणि सिम्पर यांना त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या वैभवाच्या पायात हा एक काटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

रसिकांनी पुढे या संचांना क्रमांक दिले. पहिला संच ‘मार्क वन’, दुसरा ‘मार्क टू’, आणि असेच पुढे. एखाद्या यंत्राच्या सुधारित आवृत्त्यांना द्यावेत तसे हे क्रमांक. आज ही मोजदाद नवव्या संचापर्यंत आली आहे.

दुसरा संच

नव्या संचाने पहिले मोठे काम केले ते रॉकचे नव्हतेच. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह लॉर्डने रचलेला ‘कॉन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ सादर झाला. संचालक होते माल्कम आर्नल्ड. ब्लॅकमोरला हा मार्ग मानवणारा नव्हता. पुढचा अल्बम पूर्णपणे कडक रॉकचा असावा, असा त्याचा आग्रह होता आणि १९७० च्या जूनमध्ये ‘इन रॉक’ बाहेर पडला. मुखपृष्ठावर अमेरिकेतील माउंट रशमोरच्या पहाडात राष्ट्राध्यक्षांऐवजी या पाच जणांचे चेहरे कोरलेले दाखवले होते. चेष्टाच ती, पण आतले संगीत त्या चेष्टेला शोभेल इतके भक्कम होते.

या संगीताचे वैशिष्ट्य थोडक्यात सांगितले पाहिजे. इतर हार्ड रॉक बँडमध्ये गिटार राजा असते, बाकीची वाद्ये तिची चाकरी करतात. येथे लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. चर्चमध्ये शोभणारे ते वाद्य गुरगुरू लागले. त्यामुळे गिटार आणि ऑर्गन यांच्यात बरोबरीचा सवालजवाब रंगू लागला. त्याला पेसच्या ड्रम्सचा आधार होता. हार्ड रॉकमधील अनेक ड्रमवादक घण घालतात. पेसच्या हातात जॅझचा लवचिकपणा आहे. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर तो ठेका सोडत नाही, परंतु भरण्या अशा काही सुंदर करतो की, समेवर येताना आपणच मान हलवतो.

१९७१ साली ‘फायरबॉल’ आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी शरद ऋतूत गिलनला कावीळ झाली आणि अमेरिकेचा दौरा सोडावा लागला. पुढच्या वर्षी ब्लॅकमोरलाही हिपॅटायटिसने गाठले. विश्रांती सांगणारा डॉक्टर आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगणारा व्यवस्थापक या दोघांत कोण जिंकते, हे आपणा सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे.

जळालेला कॅसिनो

डिसेंबर १९७१ मध्ये हे पाच जण स्वित्झर्लंडमधील माँत्रो गावी पोहोचले. जिनिव्हा सरोवराकाठच्या तेथील कॅसिनोत नवा अल्बम ध्वनिमुद्रित करायचा होता. त्यासाठी रोलिंग स्टोन्स या बँडची मालमोटारीत बसवलेली फिरती ध्वनिमुद्रण यंत्रणा भाड्याने घेतली होती. ४ डिसेंबर रोजी फ्रँक झापा याचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतील कुणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली आणि सारा कॅसिनो भस्मसात झाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. सरोवराच्या पाण्यावर पसरलेला धूर या मंडळींनी हॉटेलमधून पाहिला. काही दिवसांनी झोपेतून जागा होत असताना ग्लोव्हरच्या तोंडून एक शब्दसमूह निघाला : ‘स्मोक ऑन द वॉटर’.

पुढची हकिकत तर कादंबरीत शोभावी. दुसरे एक नाट्यगृह मिळाले, पण रात्रीच्या गोंगाटाने शेजारी वैतागले आणि पोलीस आले. बँडच्या मदतनिसांनी दारे आतून दाबून धरली आणि तेवढ्यात त्या गीताचे मूळ वादन मुद्रित झाले. मग हिवाळ्यासाठी बंद असलेले ग्रँड हॉटेल त्यांनी घेतले, त्याच्या थंड दालनांत गाद्या उभ्या करून आवाज आवरला आणि तेथे बाकीचा अल्बम पुरा केला. वाजवलेले ऐकण्यासाठी मालमोटारीपर्यंत जायचे तर खोल्या आणि सज्जे ओलांडून जावे लागे. पुढे पुढे त्यांनी ते ऐकायला जाणेच सोडून दिले आणि नुसत्या विश्वासावर वाजवत राहिले. ६ ते २१ डिसेंबर, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांत ‘मशीन हेड’ तयार झाला. गीते सात. १९७२ मध्ये तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती चार सुरांवर उभी असलेली गत आजही जगभर गिटार शिकणारे प्रत्येक मूल पहिल्या महिन्यात वाजवून पाहते. माझ्या तपासणीच्या खोलीत एका अकरा वर्षांच्या दमेकरी रुग्णाने ती मला तोंडाने वाजवून दाखवली आहे. त्याच्या दम्यापेक्षा त्याचा सूर अधिक नियंत्रणात होता!

ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियो येथे झालेल्या तीन कार्यक्रमांतून ‘मेड इन जपान’ तयार झाला, तोच आमच्या वसतिगृहातील कॅसेटचा मूळ पुरुष. यशाच्या या शिखरावरच संच तुटला. गिलन आणि ब्लॅकमोर यांचे पटेनासे झाले होते. अखंड दौऱ्यांनी सगळे थकले होते. गिलनने डिसेंबर १९७२ मध्येच राजीनामा देऊन ठेवला होता. ‘हू डू वुई थिंक वुई आर’ या १९७३ सालच्या अल्बमनंतर, २९ जून रोजी ओसाका येथे शेवटचा कार्यक्रम करून तो बाहेर पडला आणि पाठोपाठ ग्लोव्हरही गेला. माझ्या मित्राच्या लेखी बँडच्या मृत्यूची तारीख हीच.

नवे आवाज आणि एक अकाली मृत्यू

परंतु रुग्ण जिवंत होता. गिलनच्या जागी आला डेव्हिड कव्हरडेल. इंग्लंडच्या उत्तरेतील रेडकार या गावी कपड्यांच्या दुकानात काम करणारा विशीतला अप्रसिद्ध गायक. बासवर ग्लेन ह्यूज आला आणि तोही उत्तम गायक. एका गायकाच्या जागी दोन कंठ आले. १९७४ च्या ‘बर्न’मध्ये नव्या दोघांनी कोणाची नक्कल केली नाही, आणि तो अल्बम दुसऱ्या संचाच्या तोडीचा झाला. त्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात दोन लाखांहून अधिक श्रोत्यांपुढे ते वाजवीत होते. वर्षअखेरीच्या ‘स्टॉर्मब्रिंगर’मध्ये मात्र ह्यूजच्या आवडीचे फंक आणि सोल हे कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचे रंग वाढले. ते ब्लॅकमोरला रुचले नाहीत. १९७५ मध्ये त्याने स्वतःचा ‘रेनबो’ हा बँड काढला.

ब्लॅकमोरच्या जागी कोण? येथे माझ्या त्या रात्रीच्या अल्बमची गोष्ट येते. अमेरिकेचा टॉमी बोलिन वयाने कोवळा, पण बिली कोभमच्या ‘स्पेक्ट्रम’ या जॅझ अल्बमवर वाजवून जाणकारांची वाहवा मिळवलेला. त्याच्यासह केलेला ‘कम टेस्ट द बँड’ हा ताजातवाना, हसरा अल्बम आहे. पण रंगमंचावर गेले की श्रोत्यांतून हाका येत त्या ब्लॅकमोरच्या नावाच्या. जुनी गीते वाजवताना त्याच्यावर अपेक्षा लादली जाई ती दुसऱ्याच्या बोटांनी वाजवण्याची. त्यात अमली पदार्थांचे व्यसन. डिसेंबर १९७५ च्या जपान दौऱ्यात नशेच्या झोपेत डावा हात तासन्‌तास अंगाखाली दबून राहिला आणि त्या हाताची बोटे नीट चालेनात. गिटारच्या जागा लॉर्डला ऑर्गनने भरून काढाव्या लागल्या. आपल्यापैकी कोणालाही हे निदान वाचताक्षणी कळेल, आणि त्यामागचा खरा आजारही कळेल. १५ मार्च १९७६ रोजी लिव्हरपूल येथे बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला, माँत्रोच्या आगीनंतर बरोबर पाच वर्षांनी, मायामी येथे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने बोलिन गेला. वय पंचवीस.

त्याच्या मृत्यूला श्रोत्यांच्या त्या हाका कारण होत्या, असे मी म्हणणार नाही. व्यसनाची कारणे इतकी सरळ नसतात. पण एवढे मात्र खरे की, जो आला आहे त्याचे वाजवणे ऐकण्याऐवजी जो गेला आहे त्याला हाका मारण्यात आपण किती क्रूर होतो, हे आपल्याला कळत नाही. बाहेरच्या बाकावरच्या आजीबाईंनाही ते कळले नव्हते. आणि मला तर त्या हाकेने गुदगुल्या झाल्या होत्या.

नाव कोणाचे?

१९८० साली एक विलक्षण प्रकार घडला. पहिल्या संचाचा गायक रॉड इव्हान्स दरम्यान संगीत सोडून रुग्णालयातील श्वसनोपचाराच्या क्षेत्रात शिरला होता, म्हणजे एका अर्थी आपल्याच बिरादरीत आला होता. काही आयोजकांनी त्याला हाताशी धरले, बाकी सगळे अनोळखी वादक जमवले आणि ‘डीप पर्पल’ या नावाने उत्तर अमेरिकेत कार्यक्रम लावले. फसवणूक कळल्यावर श्रोते खवळले, प्रकरण न्यायालयात गेले. इव्हान्सवर जबर दंड बसला आणि जुन्या अल्बमांचे मानधनही त्याने गमावले.

म्हणजे नुसती पाटी लावून बँड होत नाही, हे माझ्या मित्राचे म्हणणे खरे ठरले. पण पुढच्या दहा वर्षांनी त्याच्या म्हणण्याची दुसरी बाजू पाडली. १९८४ साली तेच सुप्रसिद्ध पाच जण पुन्हा एकत्र आले. ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा अल्बम जोरात चालला. शीर्षकगीतातील लॉर्डच्या ऑर्गनचा प्रारंभ ऐकताना आजही अंगावर शहारा येतो. माणसे तीच, वाद्ये तीच. आणि भांडणेही तीच. १९८७ च्या ‘द हाउस ऑफ ब्लू लाइट’मध्ये ओढाताण ऐकू येते. १९८९ मध्ये गिलनला काढले आणि रेनबोमधील गायक जो लिन टर्नर याला आणून ‘स्लेव्हज अँड मास्टर्स’ (१९९०) केला, तर तो डीप पर्पलपेक्षा रेनबोसारखाच वाटू लागला. पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने गिलनला परत बोलावले, ‘द बॅटल रेजेस ऑन’ (१९९३) काढला. नावाप्रमाणे लढाई चालूच राहिली आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला हेलसिंकीचा कार्यक्रम आटोपून, दौरा अर्धवट टाकून ब्लॅकमोर कायमचा निघून गेला. ‘ते पाच जण म्हणजेच बँड’ हा सिद्धांत कोणी खोडला असेल, तर त्या पाच जणांनीच.

स्वतःच्या हस्ताक्षरात

ठरलेले कार्यक्रम जो सॅट्रियानी या अमेरिकन गिटारवादकाने निभावून नेले. नंतर १९९४ मध्ये स्टीव्ह मोर्स आला. रीतसर संगीत शिकलेला, मध्यंतरी विमान कंपनीत वैमानिक म्हणून काम केलेला हा माणूस ब्लॅकमोरहून सर्वस्वी वेगळा. ब्लॅकमोरचे वादन अंधारातून झेप घेणाऱ्या श्वापदासारखे. मोर्सचे स्वच्छ, नेमके, उजेडातले. त्याला ब्लॅकमोर होण्यास कोणी सांगितले नाही. त्याने जुनी गीते आदराने वाजवली आणि नवी गीते आपल्या हस्ताक्षरात लिहिली. १९९६ चा ‘पर्पेंडिक्युलर’ हा त्याचा पुरावा. त्यातील ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ हे गीत नवख्या श्रोत्यांनी आधी ऐकावे, असे मी सुचवीन. या नव्या गिटारवादकासह बँड १९९५ साली भारतातही येऊन गेला.

भारताशी असलेला याहून खोल धागा वेगळाच आहे आणि दुःखाचा आहे. कल्पना चावला या बँडच्या चाहत्या होत्या. कोलंबिया यानातील अखेरच्या मोहिमेवर जाताना त्यांनी ‘मशीन हेड’ आणि ‘पर्पेंडिक्युलर’ या दोन सीडी बरोबर नेल्या होत्या आणि अंतराळातून बँडशी ई-मेलने त्यांचा संवादही चालू होता. निवडलेल्या अल्बमांकडे पाहावे : एक ब्लॅकमोरचा, एक मोर्सचा. त्यांच्या लेखी दोन्ही संच खरे होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. मोर्सने रचलेली ‘कॉन्टॅक्ट लॉस्ट’ ही शब्दांविना धून त्याच वर्षीच्या ‘बनानाज’ अल्बमच्या शेवटी आहे.

१९६९ च्या त्या कॉन्सर्टोची स्वरलिपी पुढल्याच वर्षी हरवली होती. मार्को द गूय या तरुण डच संगीतकाराने जुने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून ती नव्याने लिहून काढली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, तीस वर्षांनी, त्याच सभागृहात लंडन सिंफनी वाद्यवृंदासह ती रचना पुन्हा वाजली. आपल्याकडे बंदिशी कंठातून कंठात जातात. येथे ती ध्वनिमुद्रिकेतून कानात आणि कानातून कागदावर आली. त्यानंतर थोड्याच काळात, २००२ मध्ये, लॉर्डने सन्मानाने निरोप घेतला. ऑर्गनवर डॉन एअरी आला. कर्करोगाशी झुंजत असताना फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीने १६ जुलै २०१२ रोजी लॉर्डचे निधन झाले. पुढल्या वर्षीचा ‘नाउ व्हॉट’ हा अल्बम त्याला अर्पण केलेला आहे.

२०१६ साली अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने बँडचा गौरव केला, तेव्हा पहिल्या तीन संचांतील आठ नावे घेतली गेली. त्यांत रॉड इव्हान्स होता. पण बावीस वर्षे वाजवत असलेला मोर्स नव्हता आणि बोलिनही नव्हता. उशिरा आलेल्यांना पाहुणेच समजण्याची खोड अशी चिवट असते. त्याच वर्षी जूनमध्ये इयन पेसला मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील तात्पुरत्या अडथळ्याचा झटका आला. काही कार्यक्रम रद्द झाले. काही आठवड्यांत तो ड्रम्समागे परत बसला. १९६८ पासून प्रत्येक संचात, प्रत्येक अल्बमवर असलेला हा एकमेव माणूस. अग्रभागी तो कधी नव्हता.

पत्नीच्या कर्करोगामुळे तिच्यासोबत राहण्यासाठी मोर्सने २०२२ मध्ये बँड सोडला. अठ्ठावीस वर्षे, म्हणजे ब्लॅकमोरच्या दोन्ही कारकिर्दी मिळून होतात त्यापेक्षा बरीच अधिक. त्याच्या जागी उत्तर आयर्लंडचा सायमन मॅकब्राइड आला आणि २०२४ मध्ये ‘इक्वल्स वन’ हा तेविसावा स्टुडिओ अल्बम निघाला. पंचाहत्तरी ओलांडलेला गिलन त्यात ‘चाइल्ड इन टाइम’च्या किंकाळ्या मारीत नाही. ते गीत त्याने वीसेक वर्षांपूर्वीच बाजूला ठेवले. आज जेवढा आवाज आहे तेवढ्यात शोभेल असेच तो गातो.

माझ्या खोलीतील दुसरी खुर्ची

ही सारी वंशावळ मांडल्यावर मित्राला द्यायचे उत्तर मला सापडले, ते असे. पाटीने बँड होत नाही, हे १९८० ने दाखवले. ठरावीक पाच माणसांनीही तो टिकत नाही, हे १९९३ ने दाखवले. नव्या माणसाकडे जुन्याची सावली म्हणून पाहिले तेथे बँड अडखळला. त्याला स्वतःच्या हातांनी वाजवू दिले तेथे तो उभा राहिला. आणि हे सगळे होत असताना मागे बसून कोणीतरी ठेका धरून ठेवावा लागतो.

मित्राला हे फोनवर ऐकवले. तो म्हणाला, “ठीक आहे, पण ‘मेड इन जपान’ तो ‘मेड इन जपान’च.” ते मलाही मान्य आहे.

मी माझ्या दवाखान्याकडे नव्याने पाहिले. तरुण सहकाऱ्याच्या औषधचिठ्ठ्या मी रोज संध्याकाळी तपासत असे. डोस चुकला आहे का, हे पाहणे माझे कर्तव्यच होते. पण मी त्यापुढे जाऊन, त्याने माझ्यासारखे का लिहिले नाही, हे पाहत होतो. जुलाब झालेल्या बाळाच्या आईला मी जलसंजीवनी तोंडी समजावतो. तो कागदावर पेला, चमचा आणि घड्याळ काढून देतो. मला ते पोरकट वाटले होते. मग एकदा ध्यानात आले की, त्या आया तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवतात. माझे शब्द त्या फाटकापर्यंत तरी नेत होत्या की नाही, कोण जाणे. हल्ली मी संध्याकाळी फक्त डोस तपासतो.

गेल्या महिन्यात त्या आजीबाई नातवाला घेऊन पुन्हा आल्या. मी मोकळाच होतो, स्वतः दारापर्यंत गेलो आणि “या, आत या” म्हणालो. त्या जरा संकोचल्या. म्हणाल्या, “ते चित्र काढणारे डॉक्टर आहेत ना? मग आम्ही थांबतो.”

मी आत जाऊन चहा मागवला.

संपादक मंडळाला एक नम्र सूचना करून लेख संपवतो. लसीकरणावरील लेख पुढच्या वर्षी अवश्य छापावा. तो माझा सहकारी लिहील. त्यात चित्रे असतील. त्यासाठी अर्धे पान जास्त ठेवावे.